घूँ काढायला गेलो आन् पालीची गोष्ट घेऊन आलो

भाचीचा फोन शनिवारी दुपारी दोनला आला. एप्रिलमधे नागपुरात दुपारी दोनला फोन येणं म्हणजे कोणाचा तरी कूलर बसला, दुसरं काही नसतं, निदान माझ्या धंद्यात तरी. मी इलेक्ट्रिकची कामं घेतो, तीस वर्षं होत आली. तर भाची म्हणे, "मामा, कुठे आहात? आमचा अँप घूँ घूँ करून राहिला, संध्याकाळी प्रोग्राम आहे, चाळीस लोकं येणार." मला वाटलं मोबाइलमधलं ॲप. म्हणलं मोबाइल बंद करून चालू कर. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग चारपाच पोरांच्या हसण्याचा आवाज, म्हणजे फोन स्पीकरवर होता. अँप्लिफायर म्हणायचं ना मग सरळ.

धरमपेठेत एक जुना बंगला आहे, खाली मोठा हॉल, मागे अंगण, एक काकू एकट्याच राहतात. त्यांच्या हॉलमधे ह्या पोरांचा रॉकचा कार्यक्रम. मी सक्करदऱ्याहून स्कूटरवर निघालो, डोक्याला दुपट्टा, तरी मेडिकल चौकापर्यंत येता येता कानातून वाफ निघायची बाकी होती. मनात चिडचिड चाललेली की रॉक म्हणजे काय, केस वाढवलेली चार पोरं आणि ठणाणा. माझा संगीताशी संबंध म्हणजे गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्राला लाइटिंग करून द्यायची, आणि तिथेही माझं लक्ष गाण्याकडे नाही, जनरेटरकडे.

हॉलमधे गेलो तर मधे सतरंज्या, एका भिंतीला ड्रम, दोन गिटारचे अँप, एक गाण्याचा स्पीकर, आणि घूँ. बारीक पण पोटात शिरणारी. चार पोरं, एक गाणारी, एक गिटारवाला, एक बासवाला, एक ड्रमवाला. बासवाल्याने मी काही म्हणायच्या आत सांगितलं, "काका, ही घूँ जी मधे आहे." मला वाटलं जी म्हणजे कुठल्या खोलीचं नाव. मग त्याने बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवून वाजवलं, आणि खरंच, घूँ आणि तार जवळजवळ एकच. आपली लाइन ५० हर्ट्झची आणि तो जी नावाचा सूर म्हणे ४९ चा. म्हणजे मी तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहून जे ऐकत आलो त्याला सूर आहे (तिथे ते दुप्पट असतं, १००, पण सूर तोच, फक्त वरच्या सप्तकातला) आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत लाइन ६० ची, ती म्हणे दोन सुरांच्या मधे कुठेतरी अडकते, धड हा नाही धड तो नाही. मला उगाच आपल्या महावितरणचा अभिमान वाटला.

कामाला लागलो. पहिली गोष्ट, गाण्याचा स्पीकर ह्या भिंतीच्या सॉकेटात आणि गिटारचा अँप समोरच्या भिंतीच्या. जुन्या घरात हे घात करतं. दोन सॉकेटांची अर्थिंग दोन वेगळ्या रस्त्याने जाते, मधे वायरीने दोन्ही मशिनी जोडलेल्या, मग अर्थिंगचाच एक मोठा गोल वेढा तयार होतो आणि त्यात घूँ फिरत बसते. मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थच्या मधे १९ व्होल्ट. एवढे नकोत. आणि मग गिटारच्या अँपचा प्लग काढून पाहिला तर तिसरी पिन नाही. मोडलेली नाही, करवतीने कापलेली, व्यवस्थित.

"हे कोणी केलं?"

गिटारवाला म्हणे, "काका, पिन काढली की घूँ कमी होते."

होते ना. माणूस पण कमी होतो. गाणारी पोरगी म्हणे हो, मला कधीकधी गिटार हातात असताना माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. मी डोक्याला हात लावला. एका हाताने गिटारची तार धरलेली, तोंड माइकला, आणि दोघांच्या मधे अर्थिंग नाही, म्हणजे अर्थिंग कोण तर ती पोरगी. तर गिटारवालाच शांतपणे मला सांगतो, हो काका, १९७२ साली वेल्समधे स्वान्सीला लेस हार्वी नावाचा गिटारवाला स्टेजवर असाच गेला, माइकला हात लागला आणि संपला, स्टोन द क्रोज नावाचा बँड होता. म्हणलं तुला नाव, गाव, साल सगळं पाठ आहे आन् तरी पिन कापली काहून बे? त्यावर तो जमिनीकडे पाहत राहिला. नवीन प्लग लावला, पिशवीत असतोच.

मग अंगणात. अर्थिंगचा खड्डा पेरूच्या झाडाखाली, वर कुंडी ठेवलेली, बाजूला काढली तर माती अशी कोरडी की भेगा पडलेल्या. एप्रिलमधे निम्म्या नागपूरच्या अर्थिंगची हीच गत असते, लोकं झाडाला पाणी घालतात, कूलरला घालतात, अर्थिंगला कोणी घालत नाही. मीठ टाकलं आणि पोरांना लाइनीत उभं करून दहा बादल्या पाणी ओतायला लावलं. ड्रमवाला म्हणे आम्ही साउंडचेकला आलो होतो. म्हणलं हाच साउंडचेक आहे. परत मीटर लावला, ४ व्होल्ट. मग सगळ्यांना एकाच सॉकेटातून एक एक्स्टेंशन ओढून त्यावर घेतलं, म्हणजे सगळ्यांची अर्थिंग एकाच ठिकाणी भेटणार, वेढा तुटला. घूँ गेली. (हे एकाच सॉकेटातून घेणं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

गेली म्हणजे नव्वद टक्के गेली. उरलेली गिटारमधून येत होती आणि गंमत म्हणजे गिटारवाला खिडकीकडे तोंड केलं की कमी, पंख्याच्या रेग्युलेटरकडे तोंड केलं की जास्त. त्याने मला गिटार उलटी करून दाखवली, तारांखाली चुंबकावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, पिकअप म्हणतात, ते तारेची थरथर पकडतं पण येणारीजाणारी घूँ पण पकडतं. मग म्हणे १९५५ मधे गिब्सन कंपनीत सेथ लव्हर म्हणून एका माणसाने दोन कॉइल शेजारीशेजारी लावल्या, एक सुलटी एक उलटी, चुंबकं पण उलटसुलट, तर तारेचा आवाज दोन्हीतून मिळून वाढतो आणि घूँ एकमेकीला खाऊन टाकते. हंबकर. मी ऐकून तिथेच सतरंजीवर बसलो. अरे हे तर आमचंच. तीन फेजवर लोड सारखा बसला की न्यूट्रलमधे करंट उरत नाही, तेच. ह्या पोरांच्या गिटारी हंबकरवाल्या नव्हत्या, स्वस्तातल्या होत्या, म्हणून मी त्याला खुर्चीची जागा खडूने आखून दिली आणि सांगितलं ह्याच दिशेला तोंड करून वाजव आणि रेग्युलेटर बंद. पंखा बंद म्हणलं की काकू आतून ओरडल्या.

आता कूलर. हॉलला एकच मोठा कूलर आणि त्याची मोटर अशी की चालू झाली की अँपमधे कट्ट आणि मग घर्र, शिवाय त्याचा स्वतःचा आवाज ड्रमपेक्षा जास्त. शेवटी ठरलं की गाणं चालू असताना कूलर बंद, दोन गाण्यांच्या मधे चालू. बेचाळीस डिग्री. मी म्हणलं लोकं शिजतील. गाणारी म्हणे मग गाणी लहान करू.

साडेचार झाले. मी निघणार तर भाची म्हणे थांबा ना मामा, परत घूँ आली तर. आणि हातात एक पुस्तक दिलं, तोवर हे वाचा. ड्रमवाल्याच्या मोठ्या बहिणीने काढलेलं, स्वतः लिहिलेलं, स्वतःच पैसे घालून छापलेलं, ९६ पानं, काळंपांढरं, सगळं चित्रांत. ग्राफिक नॉव्हेल. गोष्ट काय तर एक कुटुंब, सात माणसं आणि कूलर एक. होळी झाली की गच्चीवरून कूलर उतरवतात इथपासून ते पावसाळ्यात परत चढवतात इथपर्यंत, बस्स. मी म्हणलं ही काय गोष्ट आहे, हे तर दरवर्षी माझ्या घरी होतं.

वीस मिनिटांत वाचून संपवलं. हसू एकदोनदा आलं. भाचीला परत दिलं, म्हणलं चांगलं आहे, चित्रं छान आहेत. तिथे ती काढणारी पोरगीच येऊन बसलेली होती, मला माहीतच नाही. ती म्हणे, "काका, वीस मिनिटं?" मी म्हणलं हो, शब्द कमीच आहेत. ती हसली नाही, रागावली पण नाही, म्हणे तुम्ही बोलण्याचे फुगे वाचले, चित्रं नाही वाचली.

मी जरा दुखावलो, कारण लहानपणी मी चित्रांची पुस्तकं काय कमी वाचली का. बर्डीला एक दुकान होतं, तिथे इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने मिळायचं, वेताळाचं, दहा पैसे की पंधरा पैसे आठवत नाही पण तिथेच बाकड्यावर बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. चांदोबा तर होताच. पण ते वाचताना आपण पुढे काय झालं हेच पाहायचो, वेताळाने ठोसा मारला का, मारला, चला पुढे. चित्र म्हणजे मजकुराच्या बाजूचं डेकोरेशन.

तिने पुस्तक उघडून समोर ठेवलं. पहिलंच पान, गच्चीवरून कूलर उतरवताना. एक माणूस कूलर उचलून जिन्यात उभा आणि बाकी सहाजण सूचना देताहेत, "डावीकडून", "अरे भिंत", "तात्या हात काढा". मी सूचना वाचल्या होत्या. तिने बोट ठेवलं तिथे पाहिलं तर प्रत्येक चौकटीत सूचनांचे फुगे वाढत जातात आणि उचलणारा माणूस त्यांच्या मागे झाकत जातो, शेवटच्या चौकटीत त्याचे फक्त दोन पाय दिसतात, आणि एक चप्पल निघालेली. मी फिस्सकन हसलो. हा तर मी आहे, मागच्या महिन्यातला.

मग म्हणे दोन चौकटींच्या मधली ही पांढरी पट्टी आहे ना, हिला गटर म्हणतात. म्हणलं काय? गटर? नागपुरात गटर म्हणलं की महानगरपालिका आठवते. ती म्हणे सगळं गटरातच होतं काका. ह्या चौकटीत बादली भरलेली, पुढच्या चौकटीत बादली आडवी आणि आजोबा ओले, मधलं मी काढलंच नाही, ते तुम्ही केलं डोक्यात. स्कॉट मॅक्लाउड म्हणून एकाने १९९३ मधे कॉमिक्सबद्दलच एक आख्खं कॉमिक्स काढलं, त्यात हे समजावलंय म्हणे. तिच्याकडून हेही कळलं की ग्राफिक नॉव्हेल हा शब्द आधीपासून होता पण १९७८ ला विल आयस्नर ह्या अमेरिकन चित्रकाराच्या पुस्तकाच्या कव्हरवर आला आणि तिथून रुळला. मला त्या गटरावरून आपल्या दिवाळी अंकातली खिडकी आठवली, 'आवाज' अंकातली, पानात कापलेली, भलतंच काहीतरी दिसायचं आणि पान उलटलं की भलतंच निघायचं, वडील लपवून ठेवायचे. तिला सांगितलं तर ती एवढी खूष झाली, म्हणे तेच काका, पान उलटायला जो वेळ लागतो ना, तो माझ्या हातात असतो, म्हणून कुठला विनोद उजव्या पानाच्या शेवटी ठेवायचा ह्यावर मी तीनतीन दिवस बसते. पैसे देऊन घेतलं मग पुस्तक, अडीचशे. कमी करा म्हणायची सवय आहे, म्हणलो नाही.

सात वाजता लोकं यायला लागली. चाळीस म्हणाले होते, पस्तीसेक असतील. कॉलेजची पोरं जास्त, पण काकूंच्या ओळखीच्या दोन बायका पण, एक रिटायर्ड मास्तर दिसणारे गृहस्थ सायकल क्लिप पायाला तशीच ठेवून. आलूबोंडे आणि पन्हं. सगळे सतरंजीवर, मी मेन बोर्डाजवळ खुर्ची टाकून, ड्युटीवर असल्यासारखा.

सुरू झालं आणि पहिल्या गाण्याला मी कान झाकले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याला एक हात काढला. कारण झालं काय, एवढ्या जवळून पाहायला लागल्यावर आवाज कुठून येतो ते दिसायला लागलं. मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मोठ्या स्पीकरच्या भिंतीतून एक ढीग अंगावर येतो, त्यात काय काय आहे कळत नाही. इथे गिटारवाला माझ्यापासून सात फुटांवर. तारेला प्लास्टिकची चकती लागते तो टक् वेगळा ऐकू येतो आणि सूर नंतर येतो. बोटं तारेवरून सरकताना चिर्रर्र असा आवाज होतो, तो मला आधी फॉल्ट वाटला, मी उठणारच होतो. गाणारी ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते, तो माइकमधे येतो, आणि तो आला की बासवाला मान वर करतो, दरवेळी. ड्रमवाल्याने जाड काड्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी घेतलेली, खराट्याच्या काड्या बांधाव्या तशी, म्हणे हॉल लहान आहे, ह्याने आवाज दबतो. तो मारायच्या आधीच हसतो. मारल्यावर नाही, आधी. त्याला माहीत असतं काय येणार आहे.

गाणी त्यांचीच, मराठीच जास्त. एक मेसच्या डब्याबद्दल होतं, एक बर्डीवरून हिंगण्याला जाणाऱ्या बसबद्दल, त्यात कंडक्टर "मागे सरका मागे सरका" म्हणतो ते चारही जण एकदम ओरडायचे आणि तिसऱ्यांदा सगळा हॉल ओरडला, रिटायर्ड मास्तरांसकट, आणि सगळे खरंच बसल्याबसल्या मागे सरकले. भाचीने सांगितलं की आपल्याकडे मुंबईला १९८६ पासून रॉकचे मोठे जलसे व्हायचे, दिल्लीचा इंडियन ओशन बँड १९९० चा. म्हणजे मी वायरमनची परीक्षा देत होतो तेव्हा हे चालू होतं आणि आम्हाला पत्ता नाही. आमच्यापर्यंत फक्त धुमाल पोचला, वरातीत वाजतो तो.

धुमालवरून, मधेच वरात आली. एप्रिल आहे, लग्नं आहेत, गल्लीतून धुमाल पार्टी. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली, आत काही ऐकू येईना. पोरांनी वाजवणं थांबवलं, कोणी चिडलं नाही, कूलर लावला, सगळे त्याच्या समोर सरकले. वरात दहा मिनिटं तिथेच, नवरदेवाचा मामा नाचत असेल. तेवढ्यात ड्रमवाला हळूच त्या धुमालच्या ठेक्यात आपला ठेका मिसळायला लागला, बाहेरच्यांना काय कळणार, पण आत आम्हाला कळत होतं की तो एक मात्रा उशिरा मारतो आणि बाहेरचा ठेका लंगडा करून टाकतो. मला वाटतं त्या रात्रीचा सगळ्यात चांगला विनोद तोच होता आणि त्यात एक शब्द नाही.

मधे एक तार तुटली. टंग. गिटारवाल्याने नवीन लावली, पाच मिनिटं गेली, नवीन तार म्हणे लगेच सुरात टिकत नाही, ताणत राहते, म्हणून पुढचं गाणं तो दर ओळीनंतर खुंटी पिळत होता. मोठ्या स्टेजवर दुसरी गिटार तयार असते. इथे नव्हती, तर आम्ही सगळे त्या एका तारेची काळजी करत बसलो.

आता माझी चूक. नवाच्या सुमारास, शेवटून दुसरं गाणं. काकूंना वाटलं सगळ्यांना चहा द्यावा. गॅस संपत आलेला म्हणून त्यांनी इंडक्शनची शेगडी लावली, २००० वॅटची, मोठ्या पिनचा प्लग लहान सॉकेटात घालायचं ते कन्व्हर्टर लावून, आणि ते किचनचं सॉकेट आणि माझं हॉलचं सॉकेट एकाच एमसीबीवर, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर, ६ अँपिअरच्या. हे मी पाहायला पाहिजे होतं. तीस वर्षं दुसऱ्यांना सांगतो की एका लाइनीवर काय काय आहे ते आधी बघ, आणि स्वतः घूँ गेली त्या खुशीत विसरलो. शेगडी एकटीच पावणेनऊ अँपिअर खेचते. असा लोड आला की एमसीबी लगेच पडत नाही, आतली पट्टी तापते, वाकते, मग पडते. म्हणून दोन मिनिटं सगळं नीट चाललं आणि गाण्याच्या ऐन मधे, खट्.

अँप गेले, माइक गेला. हॉलचा एकच दिवा त्या लाइनीवर होता तोही गेला. मी खुर्चीतून उठून बोर्डाकडे, दोन पावलांवर होतं, अंधारात पण हात बरोबर एमसीबीवर गेला.

आणि गाणं चालूच होतं.

गाणारी थांबलीच नाही. माइक नाही तर आवाज एकदम लहान झाला, पण होता तितका पूर्ण होता. ड्रमवाल्याने काड्यांची जुडी खाली ठेवली असणार, कारण हाताच्या बोटांनी वाजल्यासारखं ऐकू येत होतं. लाइटीची गिटार बिनलाइटीची वाजवली की मच्छरासारखा आवाज येतो, आणि बासचा तर नुसता टुक टुक, रबर ताणून सोडल्यासारखा. एवढंसं. ते ऐकायला पस्तीस लोकांनी श्वास धरला. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, लगेच कोणीतरी विझवला. किचनमधे काकूंच्या भांड्याला चमचा लागला तोही सुरात असल्यासारखा वाटला, आता जी होता की काय ते बासवाल्याला विचारा.

माझा हात एमसीबीवर. वर करायचं, दोन सेकंदांचं काम. लाइट गेली की सगळं घर तुमच्याकडे पाहतं आणि तुम्ही खटका वर केला की "आली!" असा आवाज होतो, ह्या आवाजासाठीच मी हा धंदा करतो असं म्हणलं तरी चालेल. तापून पडलेली एमसीबी लगेच चढत नाही हे खरं आहे, आतली पट्टी गार व्हावी लागते, मिनिटभर तरी. ते मिनिट झालं. मला माहीत होतं झालंय. भाची अंधारात जवळ येऊन कुजबुजली, "मामा, होऊन राहिलं का?" मी म्हणलं, गार होऊ दे.

गाणं संपलं. टाळ्या पडायच्या आधी जो एक क्षण असतो तोही पूर्ण होऊ दिला. मग काकूंना शेगडी काढायला लावली आणि खटका वर केला. लाइट आली आणि "आली!" कोणीच म्हणलं नाही, उलट डोळे चोळत सगळे माझ्याकडे असे पाहताहेत की कशाला लावली. धंद्यात असं पहिल्यांदाच झालं.

नंतर बासवाला म्हणे काका, हे तर अनप्लग्ड झालं, अमेरिकेत १९८९ पासून टीव्हीवर ह्याची सिरीज होती. म्हणलं आमच्या सक्करदऱ्याचं भजनी मंडळ कायमच अनप्लग्ड आहे, त्यांना कोणी टीव्हीवर नेलं नाही. साडेनऊला सगळं आवरलं, दहानंतर स्पीकर लावायचा नाही हा कायदा आहे आणि काकूंचा पण आहे. पोरं विचारायला लागली मामा किती झाले. प्लगचे पैसे घेतले, मिठाचे सोडले.

घरी आलो, जेवलो, झोप येईना, कानात अजून वाजत होतं. पुस्तक काढलं. ह्यावेळी फुगे वाचायचेच नाहीत असं ठरवलं. ४१ व्या पानावर बारा चौकटी आहेत, एकही शब्द नाही. रात्र, सातजण लाइनीत झोपलेले, कूलर एका टोकाला. प्रत्येक चौकटीत कोणीतरी कूलरच्या थोडं जवळ सरकलेलं आहे, पण सरकताना कोणीच दिसत नाही, सगळे झोपलेलेच. आजी तेवढी दुसऱ्या टोकाला, हललीच नाही. आणि बाराव्या चौकटीत सहाजण कूलरसमोर ढिगाने पडलेत आणि कूलरचं तोंड आजीकडे. दुपारी मी हे पान दोन सेकंदांत उलटलं होतं. आता परत मागे गेलो, कूलर फिरला कधी? सहावी चौकट, नाही. सातवी, थोडा. मग दिसलं. आजीच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली आहे, पहिल्या चौकटीपासून, आणि ती सतरंजीच्या खालून कूलरच्या चाकापर्यंत.

मी एवढ्या जोरात हसलो की बायको उठली. "अहो, काय झालं?" तिला पान दाखवलं. ती झोपेत होती, चष्मा नाही, पाच सेकंद पाहिलं आणि म्हणे, "सुतळी आहे ना." आणि कूस बदलून झोपली. पाच सेकंद.

आणि पाल. दर पानावर कोपऱ्यात एक पाल आहे, मी समजलो होतो शोभेला. ती पहिल्या पानावर जिन्यात असते आणि थोडी थोडी करत ट्यूबलाइटकडे निघालेली असते, तिथे किडे आहेत म्हणून. कोणी झाडू मारतं, परत खाली येते. आजोबांच्या टोपीत एक अख्खं प्रकरण घालवते. असं करत ८९ व्या पानावर ती ट्यूबलाइटपाशी पोचते, तोंड उघडते, मी पान उलटलं तर सगळं पान काळं. लाइट गेली. काळ्यात दोन बारीक डोळे आणि बाजूला उघडं तोंड. त्या पोरीने ते उजव्या पानाच्या शेवटी ठेवलं होतं आणि मला त्याच रात्री, माझ्याच हाताने लाइट घालवून आल्यावर वाचायला लागावं, हे काही तिने ठरवलेलं नाही. रात्री एकला तिला मेसेज केला, पाल सापडली. तिचं उत्तर आलं, टोपीतलं सापडलं का?

पुढच्या रविवारी जाऊन काकूंच्या हॉलला वेगळी लाइन ओढून दिली, १६ अँपिअरची, स्वतंत्र एमसीबी, स्वतंत्र अर्थिंग, आता किचनमधे शेगडी लावली तरी हॉलची लाइट जाणार नाही. जूनमधे परत कार्यक्रम आहे. गाणारी पोरगी लाजतलाजत म्हणे, मामा, ते अंधारातलं गाणं परत तसंच करायचं आहे, काही स्विच देता येईल का, एकदम सगळं बंद होईल असा. दिला. फक्त तो बोर्डावर नको, माझ्या खुर्चीजवळ पाहिजे एवढी अट घातली, आणि बंद कधी करायचं ते तुम्ही खुणावा पण चालू मी करीन.